व्हेपच्या बूस्ट सर्किटचा तो फॉरवर्ड: बटण सोडलं म्हणजे करंट थांबला असं नाही

"एकाच १८६५० सेलवर ६ व्होल्ट, २४ वॅट. काडेपेटीपेक्षा लहान सर्किट, घरच्या घरी." या अर्थाचा एक लांबलचक मजकूर सध्या फिरतोय. (१८६५० म्हणजे बोटाएवढा गोल लिथियम-आयन सेल.) बॅटरीवर चालणाऱ्या व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, एमटी३६०८ किंवा एक्सएल६००९ या चिपचं तयार बूस्ट मॉड्यूल, म्हणजे सेलचं व्होल्टेज वाढवणारं सर्किट, कसं बसवायचं, याची साग्रसंगीत कृती त्यात आहे. मी दुर्लक्ष केलं असतं, पण भाच्याने तो मला पाठवून विचारलं, "मावशी, याला सोल्डरिंगची बारीक टिप लागेल ना?" म्हणजे स्वारी करायलाच निघाली होती.

त्यातला तिसरा मुद्दा सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेते. "मॉड्यूलवर ईएन पिन इनपुटला जोडलेली असते. तो ट्रॅक कापा आणि तिथे छोटं टॅक्ट बटण लावा. जाड बटण नको, कारण सगळा करंट चिपच बंद करते."

वाचायला हुशारीचं वाटतं. ईएन म्हणजे चिप चालू-बंद करणारी पिन; ती खाली ओढली, म्हणजे ग्राउंडला (सेलच्या ऋण टोकाला) जोडली, की चिप बंद होते, हेही खरं. पण चिप बंद झाली म्हणजे नेमकं काय बंद झालं? फक्त तिच्या आतला स्विच. बूस्ट सर्किटची मांडणी बघा: सेलचं धन टोक, मग इंडक्टर (तारेचं वेटोळं), मग डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), मग आउटपुट. या वाटेत चिप कुठेही आडवी येत नाही. तिचा स्विच इंडक्टर आणि डायोड जिथे जोडलेत तिथून ग्राउंडकडे जातो. तो बंद असला तरी सेलपासून कॉईलपर्यंतचा, म्हणजे वाफ करणाऱ्या तापतारेपर्यंतचा, रस्ता मोकळाच राहतो. पंप बंद केला म्हणून टाकीतलं पाणी उताराने यायचं थांबत नाही, तसंच हे.

आकड्यात सांगायचं तर सेल ३.७ व्होल्टवर आहे, डायोडवर ०.४ व्होल्ट पडले, कॉईल त्यांनीच सुचवलेली १.५ ओहमची. बटणाला बोटही न लावता कॉईलमधून साधारण २.२ अँपिअर वाहतात, म्हणजे ७ वॅटच्या वर उष्णता. सेल घातल्या क्षणापासून, अखंड. ज्याला पटत नसेल त्याने कॉईल न लावता, ट्रॅक कापलेली ईएन ग्राउंडला जोडावी आणि आउटपुटवर मल्टिमीटर धरावा. शून्य दिसणार नाही, सेलच्या व्होल्टेजपेक्षा जरासा कमी आकडा दिसेल.

आणि कहर म्हणजे हा प्रकार लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेला आहे! पुढे तो म्हणतो, "बटण न दाबताही कॉईल थोडी गरम वाटली तर घाबरू नका, ते प्रीहीट आहे, पहिला झुरका छान येतो." याला काय म्हणावं? सर्किटमधला दोष दिसला, हाताला चटका लागला, आणि त्याचंच बारसं करून टाकलं. हे प्रीहीट थांबतं कधी? सेल पार उपसला गेल्यावर. लिथियम-आयन सेल साधारण २.५ ते ३ व्होल्टच्या खाली नेऊ नये, आणि इथे त्याला अडवणारं कुणीच नाही, कारण ते काम करणारी सेलवरची प्रोटेक्शन पट्टी काढायलाही हाच मजकूर सांगतो. असा खोल उतरलेला सेल पुन्हा चार्जिंगला लावणं हा वेगळाच धोका.

चौथा मुद्दा याचाच भाऊ: "चिपमध्ये ४ अँपिअरची करंट लिमिट आहे, त्यामुळे कॉईल शॉर्ट झाली तरी काळजी नाही." एमटी३६०८ च्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, ४ अँपिअर लिहिलंय, बरोबर. पण कशाचे? आतल्या स्विचचे. आउटपुट शॉर्ट झाल्यावर करंट त्या स्विचमधून जातच नाही, तो इंडक्टर आणि डायोडमधून थेट निघतो. बिचारी चिप काय मोजणार? मॉड्यूलवर बहुधा एसएस३४ डायोड असतो, ३ अँपिअरचा. तो जळून रस्ता तुटला तर नशीब. तो स्वतःच शॉर्ट झाला तर सेल आणि शॉर्ट यांच्यामध्ये उरते फक्त तांब्याची तार. म्हणून सेलला चिकटून फ्यूज हवा, आणि तोडणारा स्विच हवा तो सेल आणि मॉड्यूलच्या मध्ये, पूर्ण करंट पेलणारा. बंद झाल्यावर आउटपुट खरोखर तोडणाऱ्या बूस्ट चिपही मिळतात. ही त्यातली नाही.

आता ते २४ वॅट. त्यासाठी तीच डेटाशीट पुरे. १.५ ओहमवर ६ व्होल्ट म्हणजे ४ अँपिअर, म्हणजे २४ वॅट. इथवर गणित ठीक. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सेलकडून २८ वॅट घ्यावे लागतील: ३.७ व्होल्टवर साडेसात अँपिअरच्या वर, सेल ३.२ वर आला की जवळजवळ नऊ. चिपचा स्विच ४ ला थांबतो. ४ गुणिले ३.७ म्हणजे पंधरा वॅटसुद्धा आत येत नाहीत, मग बाहेर चोवीस कुठून येणार? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं पीटीएन०४०५०सी हे खास अशाच कमी इनपुटसाठी बनवलेलं बूस्ट मॉड्यूल, आणि तेही १२ वॅटचं आहे. राहिला एक्सएल६००९. त्याच्या डेटाशीटमध्ये इनपुट ५ व्होल्टपासून सुरू होतं. एका सेलने पूर्ण चार्ज होऊनही ४.२ च दिले. विषय संपला.

"बॅटरीवर ताण तेवढाच पडतो" हे वाक्य कुणी लिहू कसं शकतं, कळत नाही. सेल उतरत जातो तसा बूस्ट सर्किट त्याच्याकडून जास्त करंट ओढतं, कारण आउटपुट तर तेवढंच ठेवायचंय. थकलेल्या सेलवर सगळ्यांत जास्त ओझं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, नाइलाजाने. सेल भरलेला असो की अर्धा, वाफ सारखी येते हा दावा खरा आहे. नीट बनवलेलं बूस्ट सर्किट आउटपुट स्थिर धरतं. चिपचा स्विच १.२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला बारा लाख वेळा, चालू-बंद होत असल्यामुळे इंडक्टर लहान पुरतो, हेही खरं. लहान सर्किट होतं, यावर वाद नाहीच. पण जास्त वॅट हवेत तेव्हा जाणकार दोन सेल सिरीजमध्ये घेऊन व्होल्टेज खाली आणतात, ते उगाच नाही: तेवढ्याच वॅटसाठी प्रत्येक सेलवरचा करंट निम्म्यावर येतो.

"जास्त व्होल्ट म्हणजे स्वच्छ वाफ" यावर फार वेळ घालवत नाही. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका पत्रात ३.३ व्होल्टच्या वाफेत फॉर्मल्डिहाइडयुक्त संयुगं सापडली नव्हती, ५ व्होल्टला सापडली. त्या प्रयोगावर, कॉईल कोरडी तापवली म्हणून, टीका झाली. पण स्वच्छतेचा पुरावा त्यातून कुणालाही काढता येणार नाही.

शेवटी नेहमीचं पालुपद: "सेलवरची प्रोटेक्शन पट्टी सारखी ट्रिप होते, काढून टाका. आम्ही सगळे वापरतो, कुणाला काही झालं नाही." पट्टी ट्रिप होते कारण करंट जास्त जातोय! अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली काढलेल्या अहवालात २००९ ते २०१६ दरम्यान बातम्यांत आलेल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना आहेत. त्यांतल्या ६० वापरताना घडल्या. आणि ६१ घटनांत ते उपकरण किंवा सुटा सेल नुसता खिशात होता.