पाल, पदर आणि पॅनल

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत मी दुसरीचा वर्ग सांभाळतो. एकदा हेडबाईंच्या मोबाइलचा आवाज गेला होता, तो मी आणून दिला. म्यूट काढला, बाकी काही नाही. तेव्हापासून शाळेतली वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या नावावर आहे. घंटासुद्धा, खरं तर तिला वायर नाही.

मग पॅनल आला, म्हणजे बोटाने चालणारा डिजिटल फळा. 75 इंची. सोबत एक पोरगा आला. आम्हा नऊ जणांना समोर उभं करून त्याने पाऊण तास बोटं नाचवली, दर वाक्याला ‘सोपं आहे’ म्हणाला, भजी-पाव खाल्ले आणि पणजीची बस पकडली. रजिस्टरात प्रशिक्षण झालं.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या सरांनी पॅनलवर मांडवी नदी काढली. पक्क्या मार्करने. माझ्याकडे निरोप येईपर्यंत शिपायाने ती भांड्यांच्या काथ्याने घासली होती. शाई गेली, ओरखडे राहिले. आता मांडवी कवितेतूनही वाहते आणि पाढ्यांतूनही. पहिलीच्या बाईंनी पुस्तकातला दीक्षाचा, म्हणजे सरकारी शिक्षण ॲपचा, क्यूआर कोड पॅनललाच दाखवला, आणि आरशासमोर उभं राहावं तशा वाट बघत राहिल्या.

पण खरी परीक्षा घेतली तिसरीच्या बाईंनी.

‘‘पळय, परत भूत आयलें!’’

बाई बेरजेचं गणित लिहीत होत्या आणि पॅनल आपल्या मनाने चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगतात ती माटोळी बांधत होता, सगळीकडे लोंबत्या रेघा. हे पॅनल बोट ओळखत नाहीत. काचेपुढे चौकटीतून अदृश्य किरणांचं जाळं असतं, ते जिथे अडेल तिथे स्पर्श झाला असं धरतात. बोट काय आणि बाईंचा पदर काय, त्याला सारखंच. पदर खोचला, भूत गेलं. पावसाळ्यात ते परत आलं, तेव्हा काचेवर पाल होती. तिने तीन पानं उलटली.

एवढं समजावून मी थांबायला हवं होतं. पण बाईंचं बोट चुकलं रे चुकलं की मी ‘‘द्या इकडे’’ म्हणून पुढे. बाईंची एकतीस वर्षांची नोकरी. बाई खाकरल्या तरी वर्ग चिडीचूप. 2020 साली मुलं नेटवर्कसाठी डोंगर चढायची, तेव्हा याच बाईंनी व्हॉट्सॲपवर रोज पाढे म्हणून पाठवले, मागे कोंबड्यासकट. आणि त्या माझ्यासमोर मांडीवर हात ठेवून दाढ काढायला आल्यासारख्या बसायच्या. मी आठवडाभर शिकवलं. बाई आठवडाभर बघत होत्या.

एकदा नजर त्यांच्या वहीवर गेली. ‘डावीकडे घराचं चित्र. तिथे बोट. सर ओढून घेतात, त्याआधी.’

दुसऱ्या दिवशी मी हात खिशात घातले. बाईंना अपूर्णांकांची फाइल सापडायला अकरा मिनिटं लागली. माझी बोटं खिशात वळवळत होती. मुलं एकदा बाईंकडे, एकदा माझ्या खिशाकडे बघत होती. शेवटी घराचं चित्र सापडलं, फाइल उघडली, पडद्यावर अर्धा पाव आला, चतकोर पाव आला. आणि वीज गेली.

बाईंनी पर्समधून खडू काढला आणि उरलेला पाव फळ्यावर कापला.

वीज आली तेव्हा पॅनलने पासवर्ड विचारला. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. पासवर्ड मीच ठेवलेला, आणि काही केल्या आठवेना.

बाईंनी शांतपणे वही उघडली आणि मागच्या पानावरचा वाचून दाखवला.