छावणी ते छावणी आणि छावणी ते गाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या बदल्यांमुळे सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाचे जे हाल होतात, त्यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार मानते. तिचे उत्तर दोन ओळींत देणे मला योग्य वाटले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे. लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगते. सैनिकांच्या मुलांना केंद्रीय विद्यालये, आर्मी पब्लिक स्कूल, सैनिक शाळा, राखीव जागा, शिष्यवृत्त्या आणि शिक्षणभत्ता एवढे सगळे असताना मी रडगाणे गाते आहे, हा पहिला. पंतप्रधान शिष्यवृत्तीबद्दल मी दिलेली माहिती चुकीची आहे, हा दुसरा. ज्यांच्यासाठी खरोखर लिहायला हवे ती ऊसतोड कामगारांची मुले दरवर्षी शाळा सोडून फडावर जातात आणि त्यांच्यासाठी कोणी आर्मी पब्लिक स्कूल काढत नाही, हा तिसरा. चौथा असा की, शाळा बदलल्याने मुले घडतात, बिघडत नाहीत. आणि जाता जाता, अधिकारी आणि शिपाई या दोघांना मी एकाच मापाने मोजले, हा टोला. शिवाय आपल्या मेहुण्यांच्या मुलीला पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळेल का, हेही आपण विचारलेत.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तिथे आपण पूर्णपणे बरोबर आहात. २००६-०७ साली सुरू झालेली पंतप्रधान शिष्यवृत्ती सेवेतल्या जवानांच्या मुलांनाही मिळते, असा अर्थ माझ्या वाक्यातून निघत होता. ती मुख्यतः अधिकारी पदाखालील माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि वीरपत्नींसाठी आहे. दरवर्षी ५,५०० जणांना ती मिळते आणि युद्धात वीरगती मिळालेल्यांच्या कुटुंबीयांना पहिला प्राधान्यक्रम असतो. मूळ लेखात मी दुरुस्ती केली आहे. मात्र या दुरुस्तीमुळे माझे म्हणणे कमजोर झाले नाही, उलट बळकट झाले असे मला वाटते, कारण या सगळ्या तरतुदी सलग मांडून पाहिल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. युद्धात मृत्यू किंवा अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांना १९७२ पासून लागू असलेली शुल्कसवलत घ्या. तिच्यावर २०१७ साली दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली आणि टीका झाल्यावर मार्च २०१८ मध्ये ती काढून टाकण्यात आली. हवालदार पदापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळणारे शिक्षण अनुदान घ्या. ते दरमहा १,००० रुपये होते आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी २,००० रुपये झाले आहे. दोन्ही योजना आवश्यक आहेत आणि त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. पण या योजना बाप निवृत्त झाल्यावर, जखमी झाल्यावर किंवा गेल्यावर सुरू होतात. तो धडधाकट आहे, नोकरीत आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याच्या हातात बदलीचा हुकूम पडतो आहे, त्या पंधरा-वीस वर्षांत त्याच्या मुलाचे काय, हा माझ्या लेखाचा विषय होता.

त्या काळासाठी शिक्षणभत्ता आहे, असे आपण म्हणाल, आणि तो आहेच. दोन मुलांपर्यंत प्रत्येकी दरमहा २,२५० रुपये मिळत होते. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर १ जानेवारी २०२४ पासून ते २,८१२.५० झाले. मात्र हा भत्ता केंद्र सरकारच्या सगळ्याच कर्मचाऱ्यांना मिळतो, त्यामुळे त्याला सैनिकांची खास सोय म्हणता येणार नाही.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळते. आपण तीन प्रकारच्या शाळा एका ओळीत मांडल्यात, पण त्या एका जातीच्या नाहीत. सैनिक शाळा सैनिकांच्या मुलांसाठी असते हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की, साताऱ्याच्या शाळेसमोरून गेलेल्या माणसालाही तो असतो. २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली साताऱ्याची शाळा ही देशातली पहिली सैनिक शाळा. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी मुले तयार करणे हा तिचा हेतू आहे. सेवेतल्या आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी तिथे २५ टक्के जागा राखीव असतात आणि त्यांनाही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. प्रवेश सहावीला किंवा नववीला. आपल्या बदलीच्या वेळी मूल नेमके त्या इयत्तेत असेल आणि परीक्षेतही निवडले जाईल, हा योगायोगच म्हणायचा. मुलींना तर सर्व सैनिक शाळांची दारे २०२१-२२ मध्ये उघडली.

केंद्रीय विद्यालयांबद्दल मात्र मी मनापासून चांगलेच बोलेन, आणि मूळ लेखात ते पुरेसे बोलले नाही ही माझी चूक. १९६३ साली ही व्यवस्था उभी राहिली तेव्हा लष्करी तळांवर चालणाऱ्या २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन ती सुरू झाली. बदली होणाऱ्या नोकरदारांच्या मुलांचे हाल थांबावेत, हेच तिचे मूळ कारण होते. आज अशी १,२००हून अधिक विद्यालये आहेत. पुस्तके तीच, वेळापत्रक तेच, एप्रिलपासूनचे सत्र तेच. जोधपूरच्या वर्गातून उठलेले मूल तेजपूरच्या वर्गात त्याच धड्यापाशी जाऊन बसते. १९८३ साली स्थापन झालेल्या लष्करी शिक्षण संस्थेच्या आर्मी पब्लिक स्कूलचेही तसेच. शुल्क असते, पण छावणीतून छावणीत जाणाऱ्या मुलाचा धागा तुटत नाही.

आपले आणि माझे म्हणणे नेमके इथे वेगळे होते. आपण छावणी ते छावणी हा प्रवास पाहता, आणि तो खरोखरच सोपा झालेला आहे. मी छावणी ते गाव या प्रवासाबद्दल लिहिले होते. जवानाला कुटुंबासाठीचे क्वार्टर संपूर्ण सेवाकाळ मिळत नाही. प्रतीक्षा यादी असते, मुदत असते, आणि फील्डवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी, पोस्टिंग आली की बहुतेक घरांतली बाई मुलांना घेऊन सासरी परतते. महाराष्ट्रातल्या छावण्या पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी इथे आहेत. महाराष्ट्रातले जवान कुठून येतात? साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून, शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीतून, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या अशा किती तरी गावांतून. अपशिंग्याच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटलेला आहे आणि पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. आता छावण्यांची यादी पुन्हा वाचा. या तीन जिल्ह्यांतले एकही नाव तिच्यात नाही.

आमच्याच घरचे सांगते. २०१२ च्या ऑक्टोबरात यजमानांना फील्ड पोस्टिंग आली आणि मी दोन मुलांना घेऊन राजस्थानातून गावी आले. धाकटा पाचवीत होता. त्याला पंजाबी आणि राजस्थानी मित्रांच्या भाषा कळायच्या, पण मराठी जोडाक्षरे लिहिता येत नव्हती. महाराष्ट्रातल्या मुलांनी चौथीत वर्षभर शिवचरित्र वाचलेले असते; ह्याची चौथी राज्याबाहेर झाली होती. ज्याच्या बापाच्या पलटणीची युद्धघोषणाच ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ आहे, तो मुलगा वर्गात अफझलखान कोण हे विचारत होता, आणि पोरे हसत होती. मोठी नववीत. तिने आठवीपर्यंत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकलेली. आता सगळेच मराठीतून. दहावीला तिला सर्वांत कमी गुण मराठीतच पडले. आईची भाषा म्हणून घरात जी बोलतो तीच, तरीही. केंद्रीय विद्यालयात पुरेशी मुले असतील तर प्रादेशिक भाषेचा वर्ग घेता येतो, पण ती भाषा त्या ठिकाणची असते; जोधपुरात मराठी कोण शिकवणार?

आणि दाखला. तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेने परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी नाही म्हणून धाकट्याला तीन आठवडे हजेरीपटावर घेतले नाही. यजमान बर्फात, मी गावात आणि शिक्षणाधिकारी राजस्थानात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे पाचवे कलम सांगते की, मुलाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावे लागले तर शासकीय व अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा त्याला हक्क आहे, जुन्या शाळेने दाखला तात्काळ द्यायचा आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश रोखता येत नाही. तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. शाळेतल्या लिपिकालाही नव्हते, हे मी त्याच्या बाजूने सांगते. आजही गावातल्या सुनांना मी सर्वांत आधी हेच कलम मराठीत लिहून देते. मात्र ते आठवीपर्यंतच कामाचे. नववीपासून मूल त्या संरक्षणाबाहेर जाते, आणि नववी ते बारावी हाच सर्वांत अवघड टप्पा असतो, कारण सीबीएसई या केंद्रीय मंडळाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते आणि दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेश हवा असेल तर मंडळाच्या परवानगीवाचून मिळत नाही.

ऊसतोडीच्या मुलांची तुलना आपण मला गप्प करण्यासाठी केलीत असे मी मानत नाही. त्यांची स्थिती आमच्या मुलांपेक्षा कितीतरी बिकट आहे, यात वादच नाही. आमच्या घरात निदान महिन्याला पगार येतो. पण त्यांच्यासाठी राज्याने काय योजले ते पाहा. मूल गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे, आणि ते फडावर गेलेच तर तिथल्या शाळेने कोणतेही कागद न मागता वर्गात बसवावे म्हणून शिक्षण हमी कार्ड. अंमलबजावणी किती होते हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. कल्पना मात्र अचूक आहे : मूल जिथे जाईल तिथे त्याची इयत्ता त्याच्यासोबत गेली पाहिजे. सैनिकांच्या मुलांसाठी मी नेमके हेच मागते आहे, आणि ते दिल्याने फडावरच्या मुलाच्या ताटातले काही कमी होत नाही. अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. तिथे २००८ पासून पुढच्या काही वर्षांत ५० ही राज्यांनी सैनिकांच्या मुलांचे दाखले, इयत्ता आणि विषय परस्परांनी मान्य करण्याचा करार स्वीकारला. त्यात पैशाचा भाग फारच थोडा आहे. आपल्याकडेही राज्याच्या शिक्षण विभागाने पाचव्या कलमाची आठवण देणारे एक परिपत्रक काढले आणि राज्याबाहेरून आलेल्या मुलांसाठी मराठीचा तीन-चार महिन्यांचा सेतू वर्ग जोडला, तरी पुष्कळ काम होईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या अखत्यारीत सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहे आहेतच. असा वर्ग तिथेही चालू शकेल. माझ्या मते सगळ्या सोयींत सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी सोय ही वसतिगृहेच.

शाळा बदलल्याने मुले घडतात, हे आपले वाक्य मला अर्धे पटते. माझी मुलगी आज कोणत्याही अनोळखी गावात पहिल्या दिवशी मैत्रिणी जोडते आणि ते तिला सहा शाळांनीच शिकवले. पण धीट होणे आणि अपूर्णांकांचा धडा कायमचा हुकणे, या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या बाबतीत एकाच वेळी घडू शकतात. पहिलीचे कौतुक करताना दुसरीची भरपाई नको, असे म्हणता येत नाही. शिवाय अधिकाऱ्याच्या घरात हुकलेला धडा शिकवणी लावून भरून निघतो, तसा तो शिपायाच्या घरात निघत नाही. मी दोघांना एकाच मापाने मोजले, हा आपला शेवटचा टोलाही मला मान्य आहे.

राहता राहिला आपल्या मेहुण्यांच्या मुलीचा प्रश्न. ते नाईक पदावरून निवृत्त झाले आहेत आणि मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्तीसाठी ती पात्र ठरू शकते. बारावीला किमान ६० टक्के गुण हवेत, आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो. दुसऱ्या वर्षी लक्षात आले तर उपयोग नाही. मुलींना दरमहा ३,००० म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये मिळतात, मुलांना ३०,०००. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा आणि माजी सैनिक असल्याचे प्रमाणपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घ्यायचे. त्याआधी एक काम आजच करा. मेहुण्यांना निवृत्तीच्या वेळी मिळालेले डिस्चार्ज बुक काढून त्यातले मुलीचे नाव आणि जन्मतारीख तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जन्माच्या वेळी युनिटमध्ये निघालेल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे कुटुंबाची नोंद करणाऱ्या लष्करी आदेशात, नाव हिंदी वळणाने लिहिले गेलेले असते, ‘मृणाल’ची ‘मिरनाल’ झालेली असते, आणि ते दुरुस्त करायला रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करण्यात महिने जातात. अडचण आली तर मला लिहा. दुरुस्तीच्या अर्जाचा नमुना माझ्याकडे तयार आहे.