३०० वेळा चाललं, म्हणजे चाललंच की!

सॉफ्टवेअर भरवशाचं आहे हे आकडेवारीने सिद्ध करायचंय ना? मग टेन्शन घेऊ नका, फार सोप्पंय.

पहिलं म्हणजे टेस्ट डेटा स्वतःच बनवा. नाव 'एबीसी', आडनाव 'टेस्ट', जन्मतारीख १ जानेवारी १९९०, रक्कम १०० रुपये. खरी माणसं कशी वापरतात त्या प्रमाणात इनपुट निवडावेत वगैरे पुस्तकात असतं, पण खऱ्या माणसांचा काय भरवसा! आजोबा नेट स्लो म्हणून 'पे' बटण चारदा दाबतात, आडनावाच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहितात, मध्येच फोन आला की ॲप तसंच सोडून गप्पा मारत बसतात. असली माणसं सॅम्पलमध्ये घेतली तर रिझल्ट खराब येतो, उगाच कशाला.

मग ३०० वेळा चालवा. एकदाही फेल नाही? झालं, लिहा १०० टक्के. कोणीतरी शहाणा तीनचा नियम (३ भागिले न चुकता झालेल्या रनची संख्या) काढेल, की ३०० मध्ये शून्य फेल म्हणजे ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की फेल व्हायचं प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे, आणि दिवसाला १ लाख व्यवहार असतील तर रोज हजार गंडले तरी तुमचा रिपोर्ट खरा! त्याला पुढच्या मीटिंगला बोलवू नका.

विमानाचं सॉफ्टवेअर असेल तर जरा पंचाईत आहे. विमान पाडणारा बिघाड उड्डाणाच्या तासाला अब्जात एकापेक्षा कमी हवा म्हणतात. वरच्याच नियमाने ३ अब्ज तास एकदाही न चुकता चालवायचं, म्हणजे साधारण ३ लाख ४२ हजार वर्षं. मॅनेजर विचारेल, अजून दोन रिसोर्स दिले तर शुक्रवारपर्यंत होईल का? हो म्हणा.

जुना कोड असेल तर टेस्टिंगच नको, अनुभव दाखवा. एरियन ४ रॉकेटवर छान चाललेलं सॉफ्टवेअर एरियन ५ वर तसंच उचलून टाकलं, ४ जून १९९६ ला ते पहिल्यांदा उडालं, नव्या रॉकेटची आडवी गती जास्त, तो आकडा १६ बिटांत मावेना, आणि चाळीसेक सेकंदांत आकाशात दिवाळी. बॅकअपला दुसरा कॉम्प्युटर होता बरं का! त्यात पण हेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तोही त्याच कारणाने बसलेला. तुम्हीही बॅकअप असाच ठेवा आणि दोघांच्या बिघाडाच्या शक्यतांचा बिनधास्त गुणाकार करा, इतका सुंदर छोटा आकडा येतो की स्लाइडवर मोठ्या फाँटात टाकावासा वाटतो.

आणि समजा २१२ व्या रनला फुटलंच, तर डेव्हलपरकडून दुरुस्त करून घ्या आणि मोजणी २१३ पासून पुढे चालू. कोड बदलला, आता परत एकपासून मोजा असं कोणी म्हणालं तर घड्याळ बघा आणि चहाला निघा. २१२ व्याचं काय झालं असं क्लायंटने विचारलंच तर सांगा, तेव्हा नेट गेलं होतं.