पातळ आहे का हो?

१ जानेवारीला मी जोशात येऊन जाहीर करून टाकलं की या वर्षी २४ पुस्तकं वाचणार, महिन्याला दोन, त्यात काय एवढं. मनातच ठेवायचं होतं, पण समोर नणंद बसल्या होत्या. ताई म्हणजे कॉलेजात ग्रंथपाल होत्या, रिटायर झाल्या तरी कोणाच्याही घरी पुस्तक हातात घेतलं की आधी ग्रंथालयाच्या नोंदीचा दाखल क्रमांक शोधतात. म्हणाल्या, "छान. मी मोजते."

फसले ना मी तिथेच.

जानेवारी-फेब्रुवारी झकास गेले. मार्चमध्ये बँकेत इअर एंडिंग, तेव्हा वाचलं ते फक्त व्हाउचर. अन् एप्रिल-मेमध्ये नागपुरात माणूस वाचत नाही बाप्पा, तो कूलरसमोर बसून असतो, आणि कूलरसमोर पुस्तक धरलं की पानं आपली आपणच उलटतात, वाचायच्या आधीच, शिवाय त्या ओल्या हवेनं पुस्तक असं फुगतं की परत मिटतच नाही. मेट्रोत वाचू म्हटलं तर जयप्रकाश नगर ते बर्डी, म्हणजे सीताबर्डी, पाचसहा स्टेशनं, चष्मा काढून पुसेपर्यंत काँग्रेस नगर येतं.

खरेदी मात्र जोरात. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली ती ही जागा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे इतके स्टॉल लागतात की चालायला जागा नसते. खेड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली बाई कमरेच्या बटव्यातून नोटा मोजून पुस्तकं घेताना पाहिली आणि मला माझीच लाज वाटली, म्हणून मी पण नऊ घेतली. लाज अशीच वाटत राहिली तर कपाट पुरणार नाही, आणि ते पुरलंच नाही. नवऱ्याला म्हटलं, ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथननी १९३१ सालीच लिहून ठेवलंय, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. तो म्हणाला, "असेल ना, पण आपला टू बीएचके वाढून नाही राहिला."

मग मी नवी पुस्तकं गुपचूप कूलरमध्ये ठेवली. हसू नका. हिवाळ्यात बाल्कनीत ताडपत्री गुंडाळून पडलेला लोखंडी कूलर म्हणजे कोरडं ठणठणीत कपाटच, आणि होळीपर्यंत कोणी तिकडे ढुंकून बघत नाही. फक्त डांबराच्या गोळ्या टाकायच्या.

तर डिसेंबर उजाडला आणि ताईंचा फोन आला. "किती झाली?"

"तेवीस."

"यादी वाच."

एकोणीस पुस्तकं ठीक होती, पुढचे चार दिवाळी अंक. ताई म्हणाल्या, नियतकालिक पुस्तकात धरत नाहीत. अहो पण अडीचशे पानं आहेत एकेकाला, १९०९ पासूनची परंपरा आहे आपली, मराठी माणसानं वर्षभरात एवढंच तर मनापासून वाचायचं असतं! त्या म्हणाल्या, युनेस्कोची १९६४ ची व्याख्या आहे, पुस्तक म्हणजे नियतकालिक नसलेलं, कव्हर सोडून निदान ४९ पानांचं छापील प्रकाशन. माझ्या चार अंकांचा निकाल पॅरिसहून लागला.

आता पाच कमी. दुसऱ्या दिवशी बर्डीवर गेले, तर हिवाळी अधिवेशन सुरू, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपाशी मोर्चा अडवलेला, अर्धं शहर बॅरिकेडच्या इकडे अर्धं तिकडे. घामाघूम होऊन, डिसेंबरात, जुन्या पुस्तकांच्या दुकानात पोचले आणि दम लागला होता म्हणून एवढंच विचारलं, "पातळ आहे का हो?"

दुकानदारानं शांतपणे मेन रोडकडे बोट दाखवलं. "ताई, साड्यांची दुकानं तिकडे."

"नाही हो, पुस्तक! पातळ पुस्तक."

"कोणाचं?"

"कोणाचंही."

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ना, चाळीस वर्षांच्या वाचनाचं पाणी झालं तिथं. तरी तीन घेतली. एक कवितासंग्रह घरी येऊन मोजला तर ४८ पानांचा. अठ्ठेचाळीस! ताई म्हणाल्या, ती पुस्तिका झाली. उरलेली दोन गच्चीत उन्हात संत्री सोलत वाचली, म्हणजे पहिल्या फोडीपर्यंत वाचलं आणि नंतर झोपले, पण शेवटी संपवली. एकवीस. मग कपाटातल्या एकेका पुस्तकात डोकावले, की निम्मं वाचलेलं एखादं असेल तर तेवढंच पुढे ढकलू. पण प्रत्येकात खूण सापडली ती तिसाव्या-चाळिसाव्या पानावरच. मेट्रोचं तिकीट, दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी, एकात तर लग्नाची पत्रिका, त्या जोडप्याचा मुलगा आता दहावीला आहे. एवढ्यातून एकच तडीस गेलं.

बावीस.

३१ ला रात्री ताई जेवायला आल्या. मी शेवटचा डाव टाकला. दत्तजयंतीच्या आधी बाबांनी गुरुचरित्राचं पारायण केलं, सात दिवस, खणखणीत आवाजात, आणि मी सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं. ऑडिओबुक धरा ना!

ताई विचारात पडल्या. मला वाटलं जमलं. तेवढ्यात सासरे ताटावरून म्हणाले, "पाचव्या दिवशी ही मेथी आणायला गेली होती."

"खंडित," ताईंनी वहीत लिहिलं. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं, उत्तेजनार्थ. हातात घेताच मनगट वाकलं. सातशे पानं तरी असतील. कपाटाकडे बघत त्याच म्हणाल्या, "इथे तर बोट शिरायला जागा नाही गं, ठेवशील कुठे?"

मी काही बोलायच्या आत नवरा भाताला वरण घेत म्हणाला, "कूलरमध्ये ठेव ना. बाकीची तिथेच आहेत."