‘तिसरा बिंदू म्हणजेच बेरीज’? मग ४३ च्या आलेखावर करून दाखवा

‘इलिप्टिक कर्व्ह क्रिप्टोग्राफी, फक्त एका चित्रात’ अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड फिरतोय. (ही क्रिप्टोग्राफी म्हणजे एका वक्रावरच्या बिंदूंच्या बेरजेवर उभी असलेली गुपितं राखण्याची पद्धत.) भाचीच्या कॉलेजच्या ग्रुपवर तो आला आणि तिने ते चित्र जसंच्या तसं सेमिनारच्या स्लाइडवर डकवलं, म्हणून हे लिहिणं आलं. चित्रात एक गुळगुळीत वक्र आहे, त्यावर एक चेंडू टप्पे घेत हिंडतो आणि खाली ठाम विधानं आहेत. दोन बिंदूंतून रेष काढा, ती वक्राला जिथे तिसऱ्यांदा छेदते ती त्यांची बेरीज. बिटकॉइनचा वक्र हाच आणि असाच दिसतो. प्रायव्हेट की म्हणजे टप्प्यांची संख्या, आणि ते टप्पे मोजणं हॅकरला अशक्य. अनंतबिंदू (बिंदूंच्या बेरजेतलं शून्य) म्हणजे (०, ०). २५६ बिटची की फोडायला २ चा २५६वा घात इतके प्रयत्न. आणि वर बोनस: समोरच्याचा बिंदू, म्हणजे त्याची पब्लिक की, आला की थेट सूत्रात घाला, सूत्र कुठल्याही बिंदूवर चालतं.

पहिल्या विधानावरच थांबू, कारण सगळा घोळ तिथे आहे. रेष जिथे तिसऱ्यांदा छेदते तो बिंदू बेरीज नसतो, बेरजेचा ऋण असतो. त्याचं क्ष-अक्षात प्रतिबिंब घ्यायचं, ती बेरीज. फॉरवर्डवाल्याला हे प्रतिबिंब म्हणजे नक्षीकाम वाटलं असावं. ते गाळलं तर काय होतं ते खडू हातात घेऊन बघा. सुरुवातीचा बिंदू, म्हणजे बेस पॉइंट, जी. (पुढे २जी, ३जी येईल, त्याचा मोबाइलशी संबंध नाही.) जीमध्ये जी मिळवायचा म्हणजे जीपाशी स्पर्शिका काढायची. ती वक्राला दुसरीकडे जिथे छेदते त्या बिंदूला ट म्हणू. फॉरवर्डच्या नियमाने २जी = ट. आता ३जी हवा, म्हणून ट आणि जी यांतून रेष काढा. पण ती तर मघाचीच स्पर्शिका! ती जीला दोनदा मोजून स्पर्श करते, म्हणजे तिसरा छेद पुन्हा जीच. म्हणून ३जी = जी, ४जी = ट, ५जी = जी. चेंडू जन्मभर दोनच बिंदूंत ये-जा करत राहतो. प्रायव्हेट की विषम असली की पब्लिक की (तेवढ्या टप्प्यांनंतरचा, सगळ्यांना दाखवायचा बिंदू) जी, सम असली की ट. अशी की फोडायला हॅकरची गरजच नाही, नाणं उडवलं तरी पुरे.

एवढ्यावर भागत नाही. प्रतिबिंबाशिवाय कंस हलवले की उत्तर बदलतं. ४जी एकेक मिळवत काढला तर ट येतो, आणि २जीची दुप्पट करून काढला तर वेगळाच बिंदू येतो. डिफी-हेलमनमध्ये (दोघांनी उघड्यावर बोलून एकच गुपित ठरवण्याच्या पद्धतीत) दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या वाटेने एकाच बिंदूवर पोहोचायचं असतं, तेच इथे मोडतं. वाद घालायचा असेल त्याने ‘सेक १’ हे या क्रिप्टोग्राफीचं मानक उघडून विभाग २.२.१ वाचावा. बेरजेचे पाचच नियम आहेत, अर्ध्या पानात मावतात. त्यातलं सूत्र असं: नवा क्ष = उतार² − क्ष१ − क्ष२, आणि नवा य = उतार × (क्ष१ − नवा क्ष) − य१. रेषेवरच्या तिसऱ्या बिंदूचा य काढून त्याचं चिन्ह उलटवलं की नेमकं हेच मिळतं. म्हणजे प्रतिबिंब सूत्राच्या पोटात आहे. मुलं चित्र बघून एक शिकतात, कोडमध्ये दुसरं लिहितात, आणि य चुकला की ‘प्रोग्रॅममध्ये बग आहे’ म्हणत बसतात.

आता ‘वक्र असाच दिसतो’ हे. यात अर्धं खरं आहे ते नाइलाजाने मान्य करतो: सूत्रं त्या गुळगुळीत चित्रातूनच निघतात, आणि ती अशी का आहेत हे सांगायला दुसरं सोपं चित्र नाही. पण फळ्यावर दहा मिनिटं ठेवून ते पुसायचं. बिटकॉइनचं समीकरण य² = क्ष³ + ७ हे खरं, पण सगळं गणित एका मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत चालतं. ती मूळ संख्या म्हणजे २ च्या २५६व्या घातातून २ चा ३२वा घात आणि ९७७ वजा केल्यावर उरते ती. तिथे वक्रच नसतो, सुटे ठिपके असतात. तिथल्या बेस पॉइंटचे दोन्ही निर्देशांक ७७ आकडी पूर्णांक आहेत, आणि य² = क्ष³ + ७ या गुळगुळीत वक्रावर पूर्णांक निर्देशांकांचा बिंदू एकही नाही. हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झालंय. तेव्हा त्या वक्रावर बोट ठेवून ‘हा बघा बिटकॉइनचा बेस पॉइंट’ म्हणणारं चित्र सरळ खोटं आहे.

वर्गात ४३ ही मूळ संख्या घ्या. य² = क्ष³ + ७, बाकी ४३ ची. आलेखकागदावर दोन्ही अक्षांवर ० ते ४२. ठिपके बरोबर ३० पडतात, अनंतबिंदू धरून ३१. ही संख्याही मूळ आहे, म्हणून अनंतबिंदू सोडून कुठलाही बिंदू बेस पॉइंट चालतो. आपण जी = (२, १२) घेऊ. पडताळा: ८ + ७ = १५, आणि १४४ मधून १२९ गेले की १५. जीपाशी स्पर्शिकेचा उतार ३क्ष² भागिले २य, म्हणजे ३ × ४ भागिले २४, म्हणजे १/२. बाकीच्या गणितात १/२ म्हणजे २२, कारण २ × २२ = ४४ आणि ४४ ची बाकी १. २२ चा वर्ग ४८४, बाकी ११. त्यातून ४ गेले, क्ष = ७. य = २२ × (२ − ७) − १२ = −१२२, त्यात १२९ मिळवले की ७. म्हणून २जी = (७, ७).

आता जी आणि २जी यांतून रेष. उतार (७ − १२) भागिले (७ − २), म्हणजे −१. रेषेचं समीकरण य = १४ − क्ष. कागदावर ती (०, १४) पासून (१४, ०) पर्यंत तिरपी उतरते आणि कागद संपतो. पुढचा तुकडा (१५, ४२) वर, म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला सुरू होतो आणि (४२, १५) पर्यंत जातो. या दुसऱ्या तुकड्यावर (३५, २२) हा ठिपका आहे. तो तिसरा छेद. त्याचं प्रतिबिंब ४३ − २२ = २१, म्हणून ३जी = (३५, २१). आरशाची रेघ य = ० वर नाही, २१.५ वर येते, ती तुटक रेषेने आधीच काढून ठेवा. रेषेचे दोन्ही तुकडे एकाच रंगात काढा. ठिपके मात्र एकमेकांना जोडू नका. जोडले की मुलं त्यात पुन्हा वक्र शोधायला लागतात.

याच कागदावर य = २१ ही आडवी ओळ बघा. तिच्यावर क्ष = १३, ३५ आणि ३८ असे तीन ठिपके आहेत. फॉरवर्डमधल्या गुळगुळीत वक्राला आडवी रेष कुठेही काढली तरी एकदाच छेदते. ‘असाच दिसतो’ म्हणणाऱ्याने हे तीन ठिपके त्यावर बसवून दाखवावेत.

शिवाय गुळगुळीत वक्रावर सुरक्षितताही नाही. वास्तव संख्यांवरचा हा बिंदूंचा गट मुळात वर्तुळासारखा वागतो. प्रत्येक बिंदूला एक कोन देता येतो, बिंदूंची बेरीज म्हणजे कोनांची बेरीज, आणि पुरेशा दशांश स्थळांपर्यंत बिंदू दिला की टप्पे किती ते काढता येतं. अपूर्णांकात लिहाल तर आणखी वाईट. य² = क्ष³ − २ वर (३, ५) घ्या. दुपटीचा क्ष १२९/१००, तिपटीचा थेट १६४३२३/२९२४१. अंकांची संख्या पटीच्या वर्गाच्या प्रमाणात फुगत जाते, म्हणजे उत्तराच्या लांबीवरूनच कीचा अंदाज लागतो.

टप्पे मोजण्याबद्दल एकच प्रश्न: हॅकरला मोजणं अशक्य, तर मालकाने ते टप्पे घेतले कसे? चेंडूच्या चित्रात याला उत्तर नाही. खरं असं आहे की मालक टप्पे घेतच नाही, दुप्पट करत जातो. १३जी हवा असेल तर १३ द्विमान पद्धतीत ११०१. जी, २जी, ३जी, ६जी, १२जी, १३जी. आपल्या कागदावर (२, १२), (७, ७), (३५, २१), (२९, ३१), (३७, ३६), (१३, २१). तीन दुपटी आणि दोन बेरजा, बारा टप्प्यांऐवजी पाच कामं. २५६ बिटच्या कीला साधारण २५५ दुपटी आणि सरासरी १२७-१२८ बेरजा लागतात. उलट दिशेला असा जिना नाही. हा फरक दिसत नसेल तर त्या चित्रात क्रिप्टोग्राफी कुठे आहे?

प्रयत्नांचा आकडाही चूक. पोलार्ड या गणितज्ञाच्या १९७८ च्या पद्धतीने काम बिंदूंच्या संख्येच्या वर्गमुळाइतकं लागतं, म्हणजे २५६ बिटला २ चा १२८वा घात. २००९ मध्ये ११२ बिटचा वक्र दोनशेहून जास्त प्लेस्टेशन ३ लावून फोडला होता. पुढे चला.

(०, ०) बाबत थोडी सूट देतो. य² = क्ष³ + ७ वर (०, ०) हा बिंदू नाहीच, म्हणून काही कोडमध्ये ती जागा अनंतबिंदूची खूण म्हणून वापरतात. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोचलनाच्या ईआयपी १९६ या मानकातही (वक्र वेगळा, + ३ चा) तसंच ठरवलंय. पण ती फक्त लिहिण्याची सोय. य² = क्ष³ + क्ष वर (०, ०) हा खराखुरा बिंदू आहे, दुप्पट केला की अनंतबिंदू देणारा. चित्रात अनंतबिंदू आलेखाच्या चौकटीबाहेर वर काढा आणि उभ्या रेषा तिकडे जाताना दाखवा.

उरला तो बोनस, आणि सगळ्यात घातक तोच. सूत्र कुठल्याही बिंदूवर चालतं हे खरं आहे, आणि धोका नेमका त्यातच आहे. वरची सूत्रं पुन्हा बघा: त्यात ७ कुठेच येत नाही. त्यामुळे वक्राबाहेरचा बिंदू घातला तर प्रोग्रॅम तक्रार न करता दुसऱ्याच वक्रावर गणित करत राहतो. आपल्या ४३ च्या कागदावर कोणी पब्लिक की म्हणून (१, ०) पाठवला असं समजा. १ + ७ = ८, आणि ८ काही ० नव्हे, म्हणजे बिंदू वक्रावर नाही. त्याची दुप्पट करताना छेदात ० येतो, म्हणजे अनंतबिंदू. तुमची प्रायव्हेट की सम असेल तर उत्तर अनंतबिंदू, विषम असेल तर (१, ०). एक बिट गेला. मग ३, ५, ७ अशा छोट्या फेऱ्यांचे (तेवढ्या पटीला अनंतबिंदूवर येणारे) बिंदू इतर वक्रांवरून आणायचे, प्रत्येक वेळी कीची एकेक बाकी मिळवायची आणि बाक्यांवरून मूळ संख्या काढणाऱ्या चिनी शेषप्रमेयाने अख्खी की जोडायची. हा हल्ला २००० साली प्रसिद्ध झाला, आणि २०१५ मध्ये संशोधकांनी तो जावाच्या नावाजलेल्या लायब्ऱ्यांवर चालवून दाखवला. प्रत्येक वेळी नवी की वापरत असाल तर नुकसान कमी, एकच की वर्षानुवर्षं ठेवली असेल तर सगळंच गेलं.

‘सेक १’ च्या विभाग ३.२.२ मध्ये आलेल्या बिंदूच्या चार तपासण्या दिल्या आहेत. तो अनंतबिंदू नाही ना, दोन्ही निर्देशांक ० पासून मूळ संख्येहून एकने कमी इथपर्यंतचे आहेत ना, समीकरणात बसतात ना, आणि बेस पॉइंटच्या पटींच्या गटात जितके बिंदू तितक्या संख्येने गुणल्यावर अनंतबिंदू येतो ना. बिटकॉइनच्या वक्रावर सगळे बिंदू एकाच गटात असल्यामुळे चौथी सोडली तरी चालते. तिसरी सोडायची नाही. सेमिनारच्या स्लाइडवर चेंडूच्या जागी (१, ०) चा ठिपका लाल रंगात काढा आणि शेजारी ‘८ ≠ ०’ लिहा.