‘हलणारा ठिपका म्हणजे आठवण’ या संदेशाबाबत खुलासा

म्हापसा आणि फोंडा परिसरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक चित्रफीत फिरत असून, तिच्यात हलणारा प्रत्येक ठिपका म्हणजे जिवंत माणसाच्या मेंदूत तयार होणारी आठवण होय, असे सोबतच्या मजकुरात म्हटले आहे. हे चुकीचे आहे.

अशा चित्रणांत दिसतो तो चेतापेशीच्या (मज्जासंस्थेतील संदेशवाहक पेशीच्या) पटलावरील ग्राही-प्रथिनाला, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, जोडलेल्या प्रकाशमान खुणेचा उजेड, आणि ही निरीक्षणे बहुधा प्रयोगशाळेत वाढवलेल्या, उंदरांच्या चेतापेशींवर केलेली असतात. प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे पसरण्यामुळे, ठिपका सुमारे २५० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) रुंद दिसतो; मात्र त्याचा मध्यबिंदू गणिताने काढला की ग्राहीचे स्थान १० ते २० नॅनोमीटरपर्यंत निश्चित करता येते. चेतासंधीतील, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडातील, फटच मुळी जेमतेम २० नॅनोमीटरची असल्याने ही अचूकता अत्यंत मोलाची ठरते. २००३ मध्ये क्वांटम डॉटच्या (प्रकाशमान अतिसूक्ष्म कणांच्या) साहाय्याने ग्लायसिन-ग्राहींचा, म्हणजे ग्लायसिन हे संदेशवाहक रसायन टिपणाऱ्या ग्राहींचा, असा माग काढण्यात आला, तेव्हा ते चेतासंधीत खिळून न राहता आत-बाहेर सरकतात, हे प्रत्यक्ष दिसले, आणि माझ्या मते खरी विलक्षण गोष्ट हीच आहे.

चेतासंधीतील ग्राहींची संख्या बदलली की तिचे बळ बदलते आणि शिकण्याशी त्याचा संबंध आहे, हे खरे. परंतु एका ग्राहीच्या हालचालीवरून कोणाचीही आठवण वाचता येत नाही.