ऊष्म म्हणजे नुसता फूत्कार नव्हे
श, ष, स, ह या ऊष्म वर्णांवरचा लेख आवडला, पण त्यातली 'ऊष्म म्हणजे सापाच्या फूत्कारासारखा वर्ण' ही व्याख्या मला पटली नाही. आवाजावरून नाव पडलंय ते 'स', 'श' अशा वर्णांसाठीच्या 'सिबिलंट' या इंग्रजी शब्दाला. लॅटिन 'सिबिलारे' म्हणजे फुसफुसणं, शीळ घालणं. आपला 'ऊष्म' मात्र 'उष्' म्हणजे जाळणं या धातूतून आलाय. ऊष्मन् म्हणजे उष्णता, वाफ. उष्ण, उष्मा हे त्याचेच सख्खे. म्हणजे हे नाव देणाऱ्यांचं लक्ष कानाला काय ऐकू येतं यापेक्षा तोंडातून काय बाहेर पडतं याकडे होतं.

तळहात तोंडासमोर धरून 'ह' म्हणून बघा, ऊब लागते. मग 'स्‌ऽऽऽ' लांबवा. श्वास पुरेल तोवर तो चालतो. 'प्' असा लांबवता येतच नाही, कारण तिथे वाट पूर्ण बंद होते. म्हणून तो स्पर्शवर्ण.

नावामागच्या या फरकामुळेच 'ऊष्म' आणि 'सिबिलंट' एकमेकांचे तंतोतंत प्रतिशब्द ठरत नाहीत. श, ष, स दोन्हींत बसतात, पण 'ह' ऊष्म असूनही सिबिलंट नाही. ऋग्वेद प्रातिशाख्य हा वेदातल्या उच्चारांचे नियम सांगणारा जुना ग्रंथ तर विसर्गालाही ऊष्मांत धरतो.

छांदोग्य उपनिषदात ऊष्म वर्ण कसे म्हणावेत हेही सांगितलंय: न गिळता, बाहेर न फेकता, मोकळे. गाणं किंवा निवेदन शिकवणाऱ्यांनी हे जरूर सांगावं. माइकसमोर 'स' फेकला की तो कानाला टोचतोच. मराठीत बहुतेक जण 'ष'चा उच्चार 'श'सारखाच करतात, त्यावरही लेखात दोन ओळी हव्या होत्या.